नदीचा सातबारा

(पाटोदा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पुराच्या नकाशांवर बोलावे असे मी सुचवले, तेव्हा चालकांपैकी एकजण हसून म्हणाले, “साहेब, वैशाखात पाटोद्याला पुरावर बोलण्यापेक्षा टँकरच्या खेपांवर बोला. लोक अधिक येतील.” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. बाहेर नदीकडे पाहिले तर पात्रात पोरे क्रिकेट खेळताना दिसतात, आणि आत मी पुराच्या गोष्टी सांगतो आहे. पण मी त्यांना म्हटले की, याच कारणासाठी हा विषय इथे आणि याच दिवसांत घ्यायचा. नदी कोरडी असते तेव्हाच तिचे माप घेता येते. ती भरून आली म्हणजे ती आपले माप घेते.

माझे सारे आयुष्य जमिनीची मापे घेण्यात गेले. साखळी, दुर्बीण आणि स्टाफ ही माझी हत्यारे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते विद्वत्तेचे नाही, उन्हातले आहे. इंजिनिअर आणि मोजणीदार पुराचा नकाशा कसा तयार करतात, त्यांच्या हाती कोणती साधने असतात, ती कुठे अपुरी पडतात, आणि ती उणीव आपण गावकऱ्यांनीच का भरून काढली पाहिजे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आधी आपण कुठे बसलो आहोत ते पाहू. आपला तालुका बालाघाटच्या माथ्यावर आहे, आणि माथ्याला अनेक उतार असतात. मांजरा इथलीच. इथून निघून ती सातशे चोवीस किलोमीटर चालते, धनेगावच्या धरणात थांबते, लातूरला पाणी देते, पुढे सिंगूर आणि निजामसागर ओलांडून गोदावरीला मिळते. सिंदफणाही याच तालुक्यातल्या चिंचोलीच्या डोंगरातून निघते आणि माजलगावच्या धरणातून पुढे गोदावरीला जाते. आणि सौताड्याला जिची धार आपण पावसाळ्यात हौसेने पाहायला जातो ती विंचरणा मात्र दक्षिणेकडे उतरते, जामखेडवरून सीनेला, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळते. म्हणजे आपल्या तालुक्यात पडलेल्या एकाच पावसाच्या सरीतला एक थेंब गोदावरीच्या वाटेने जातो आणि त्याच्या शेजारचा थेंब कृष्णेच्या वाटेने. असे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. परंतु माथ्यावर राहणाऱ्याला एक भ्रम होतो, की पाणी आपल्याकडून जाते, आपल्यावर येत नाही.

हा भ्रम जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा पुसला गेला आहे. २३ जुलै १९८९ रोजी बीडच्या बिंदुसरेने शहरात शिरून माणसे नेली, घरे नेली. ज्यांनी तो दिवस पाहिला ते आजही पुलावरून जाताना खाली वाकून पाहतात. बिंदुसरा काही गंगा-यमुना नव्हे, ती आपल्याच बालाघाटातली छोटीशी नदी. आणि अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरातली. बीड, धाराशिव, सोलापूर या जिल्ह्यांतली, दुष्काळाच्या यादीत कायम नाव असलेली गावे पाण्याखाली गेली, आणि सीनेच्या काठच्या लोकांना बोटीतून, हेलिकॉप्टरमधून बाहेर काढावे लागले.

कोरडवाहू मुलखात पूर अधिक घातक का ठरतो? ज्या नदीला बारा महिने पाणी असते तिच्याशी माणूस अदबीने वागतो, घर चार हात दूर बांधतो. आमच्या नद्या वर्षातले दहा महिने दिसतच नाहीत. मग पात्रात उकिरडा येतो, उकिरड्यावर भराव येतो, भरावावर टपरी येते, आणि टपरीच्या जागी पुढे पक्के घर येते. यात कोणी दुष्ट नसतो. प्रत्येकाने आपल्या पाहण्यातली दहा-पंधरा वर्षे पाहिलेली असतात, आणि तेवढ्यात पाणी तिथवर आलेले नसते. नदीची आठवण मात्र माणसापेक्षा लांब असते.

आता एक छोटा हिशेब करू. वहीची गरज नाही. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होते? सुमारे चार लाख लिटर. टँकरची भाषा आपल्याला चांगली कळते, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. आता ज्या नदीला शंभर चौरस किलोमीटरचे पाणी मिळते अशी एक छोटी नदी घ्या. तिच्या पाणलोटावर तेवढाच पाऊस पडला तर होतात दहा लाख टँकर. त्यातले निम्मे जमिनीत मुरले, शेतात-तळ्यात अडले असे धरू. उरलेले पाच लाख टँकर सहा तासांत वाहून जायचे असतील, तर पुलाखालून दर सेकंदाला तेवीस टँकर गेले पाहिजेत. मी एक, दोन, तीन असे मोजतो आहे, तेवढ्यात जवळजवळ सत्तर टँकर गेले. आणि आपल्या पुलांच्या मोऱ्या किती, त्यांत कडबा, काटेकुटे, प्लॅस्टिक किती, हे आपण रोज पाहतोच. उन्हाळ्यात ज्या टँकरची आपण वाट पाहतो तेच टँकर असे एका रात्रीत दारावर येऊन उभे राहतात.

म्हणून नकाशा हवा. पुराची उंची मोजणे आपल्या लोकांना नवे नाही. नाशिकला गोदावरीत दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, खांद्याला लागले म्हणजे सराफ बाजारातले व्यापारी माल उचलायला लागतात. पंढरपूरला पुंडलिकाच्या देवळाला पाण्याने वेढा दिला की घाटावरच्यांना कळते. सांगलीला आयर्विन पुलावर फुटांच्या खुणा आहेत. पंचेचाळीस फूट ही तिथली धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. ही सारी मापनाची साधने झाली. परंतु माप आणि नकाशा यांत फरक आहे. मापाने पाणी किती चढले ते कळते, आणि एवढे चढले म्हणजे ते कोणाच्या घरात शिरेल ते नकाशाने कळते. सांगलीच्या माणसाला विचारा, तो सांगेल की इतके फूट झाले की अमुक गल्लीत पाणी, आणखी दोन फूट झाले की तमुक शाळेत. त्याच्या डोक्यात नकाशा आहे. तो कागदावर उतरवणे, आणि शंभर वर्षांचा उतरवणे, हे आमचे काम.

या कामाला चार वस्तू लागतात. जमिनीची उंची, पावसाची नोंद, नदीचा छेद आणि जुन्या पुराची खूण. एकेक पाहू.

पहिली वस्तू जमिनीची उंची. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून या देशाची मोजणी करतो आहे. दक्षिणेतली त्रिकोणमितीची मोठी मोजणी १८०२ साली सुरू करणारा लॅम्बटन आयुष्यभर दुर्बीण घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या वर्धा भागात हिंगणघाटला वारला. अशा माणसांच्या कष्टांतून जे नकाशे निघाले त्यांचाच वंश आजही चालू आहे. पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा कोणालाही मिळू शकतो. त्यावर ओढे आहेत, वाड्या आहेत, समोच्च रेषा आहेत. पाणलोट किती मोठा, उतार कसा, हे त्यावरून उत्तम कळते. परंतु त्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरांच्या अंतराने आहेत, आणि आपल्या घराचे जोते असते दोन फुटांचे. त्या नकाशावर मी पेन्सिलने अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ मारली तर जमिनीवर ती पंचवीस मीटर रुंद होते. दोन-तीन घरे त्या रेघेच्या पोटातच राहतात. ती पाण्यात की बाहेर, हे नकाशा सांगू शकत नाही.

आता आकाशातून घेतलेल्या उंच्याही मिळतात. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, आणि ते आकडे फुकट उपलब्ध आहेत. आपल्या इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर आपल्या उपग्रहांनी तयार केलेले आकडे आहेत. तीस मीटर लांब-रुंद चौकटीला एक आकडा मिळतो. डोंगर आणि दरी ओळखायला तो पुरतो, पण गल्ली ओळखायला पुरत नाही. शिवाय आकाशातून पाहणाऱ्याला झाडाचा शेंडा आणि घराचे छप्पर हीच जमीन वाटते. म्हणून शहराच्या कामाला शेवटी माणूसच पायी फिरतो. पूर्वी डंपी लेव्हल असे, आज उपग्रहांशी बोलणारे यंत्र आणि ड्रोन असतात. काम मात्र तेच आहे. जवळच्या कायम खुणेपासून उंची आणायची आणि वीतभर चुकीच्या आत ठेवायची.

दुसरी वस्तू पावसाची नोंद. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरवर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे आपणा शेतकऱ्यांना पंचनाम्यामुळे पाठ आहे. पण इंजिनिअरला दिवसाचा आकडा पुरत नाही. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर तो आशीर्वाद, आणि दोन तासांत कोसळला तर तो पूर. तासातासाची नोंद हवी, आणि ती आता स्वयंचलित केंद्रांमुळे मिळू लागली आहे. याशिवाय केंद्रीय जल आयोग, हवामान खाते, रेल्वेची संशोधन संस्था आणि रस्ते मंत्रालय या चौघांनी मिळून देशाचे सव्वीस उपविभाग पाडले आणि लहान-मध्यम पाणलोटांच्या पुराचा अंदाज करण्याची पुस्तके तयार केली. वरच्या गोदावरीचे असे एक स्वतंत्र पुस्तक आहे. पुलाचे काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या टेबलावर ते असले पाहिजे.

तिसरी वस्तू नदीचा छेद. नदीला आडवी दोरी धरून या काठापासून त्या काठापर्यंत दर काही पावलांवर खोली मोजायची, मग पुढे सरकायचे, पुन्हा मोजायचे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच त्यात लबाडी होते. मॅनिंग नावाच्या एका आयरिश इंजिनिअरने १८८९ साली एक सूत्र मांडले, ते आजही जगभर चालते. त्यात पात्राच्या खरबरीतपणाला एक आकडा असतो. पात्र स्वच्छ असेल तर तो लहान, वेड्या बाभळी माजल्या असतील तर दुप्पट आणि त्याहूनही जास्त. हा आकडा दुप्पट झाला की तेवढ्याच खोलीतून निम्मेच पाणी जाते. मग उरलेले निम्मे कुठे जाणार? ते काठ चढते. अमेरिकेच्या लष्करी इंजिनिअरांनी तयार केलेला ‘हेक-रास’ नावाचा संगणकाचा कार्यक्रम फुकट मिळतो. छेद, खरबरीतपणा आणि विसर्ग त्यात घातले की कुठल्या छेदाला पाणी कुठवर चढेल ते तो काढून देतो. फार उपयोगी वस्तू आहे. परंतु जात्यात जे घालावे तेच पीठ होऊन बाहेर येते. छेद खोटा घातला तर नकाशाही खोटाच निघतो, आणि तो रंगीत असल्यामुळे अधिक खरा वाटतो.

चौथी वस्तू जुन्या पुराची खूण. आज ज्यासाठी मी आपल्यापुढे उभा राहिलो ती वस्तू ही.

आपण म्हणाल की, उपग्रह दिवसरात्र वर फिरत असतात, ढगांतून पाहणारे रडार त्यांच्यावर असते, मग जुनी खूण कशाला? खरे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने वर्षानुवर्षांची उपग्रहचित्रे एकावर एक ठेवून आसाम, बिहार, ओडिशा या राज्यांच्या पुराचे नकाशासंग्रह केले आहेत. तिथे ब्रह्मपुत्रेचे, कोसीचे पाणी आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस पसरून असते. उपग्रह येतो, सावकाश चित्र घेतो आणि जातो. आपल्या ओढ्याचा पूर मध्यरात्री येतो आणि उजाडेपर्यंत उतरतो. उपग्रह तीन-चार दिवसांनी वरून जातो तेव्हा त्याला चिखल दिसतो, पूर दिसत नाही. म्हणजे डोंगरमाथ्याच्या गावांचा पूर आकाशाच्या वहीत लिहिलाच जात नाही. तो लिहिलेला असतो भिंतीवर, बाभळीच्या फांदीत अडकलेल्या काडीकचऱ्यात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती फारशी अभिमानाची नाही. तीसएक वर्षांपूर्वी एका खेड्यात एका ओढ्यावर पुलाची मोजणी करायला मी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. मार्च महिना होता. काठावर एक जुने दगडी घर, आणि ओसरीवर एक आजीबाई शेंगा फोडत बसलेल्या. मी पद्धतीप्रमाणे विचारले, “आजी, पाणी कुठवर आलं होतं कधी?” त्या उठल्या, मला आत घेऊन गेल्या, आणि भिंतीतल्या देवळीवर हात ठेवून म्हणाल्या, “हितवर आलं व्हतं, लेकरा. दिवा इझला तवा कळालं.” कोणत्या साली, असे विचारले. त्या म्हणाल्या, “रझाकारीच्या मागल्या पावसाळ्यात. माझी थोरली पोटात व्हती.”

मी दुर्बीण लावली. देवळीची उंची माझ्या हिशेबाच्या पाण्यापेक्षा चार फूट वर निघाली. माझे हिशेब स्वच्छ होते, पाणलोट नकाशावरून मोजलेला होता, सूत्र पाठ होते. मी मनात म्हटले, म्हातारीला वयामुळे वाटत असेल. आणि वहीत माझा आकडा लिहिला. देवळीचा लिहिला नाही.

पूल झाला. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचा एका बाजूचा भराव गेला, आणि त्या रात्री बाजाराहून परतणारी एक बैलगाडी गेली. गाडीवाला एका झाडाला धरून वाचला. बैल गेले. मी पाहणीला गेलो तेव्हा आधी त्या घरात गेलो. आजीबाई आता नव्हत्या. घराच्या आतल्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, अगदी सुताने मारल्यासारखी. देवळीच्या खाली दोन बोटे.

मग मी ओढ्याने खाली चालत गेलो. तीन-साडेतीनशे पावलांवर दोन खडकांमध्ये ओढा चिंचोळा होतो, तिथे पाणी तुंबते आणि मागे फुगवटा धरते. माझे छेद मी तिथपर्यंत नेलेच नव्हते. उन्हाचा कंटाळा केला होता. सूत्र खोटे नव्हते, म्हातारीही खोटी नव्हती. खोटी होती माझी वही, कारण तिच्यात अर्धीच साक्ष लिहिलेली होती. त्या शेतकऱ्याचे बैल कोणत्या हिशेबात धरायचे, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. पुराची खूण म्हणजे साक्षीदार, आणि साक्षीदाराला उलटतपासणी असते पण अपमान नसतो. एका खुणेवर विसंबू नये, त्याच पुराच्या दोन-तीन खुणा वेगवेगळ्या माणसांकडून घ्याव्यात. घराच्या आतली खूण बाहेरच्या खुणेपेक्षा विश्वासाची, कारण आत लाटा नसतात, पाणी स्थिर उभे राहते. वरच्या अंगाची खूण खालच्या अंगाच्या खुणेपेक्षा उंच असायलाच हवी. नसेल तर एकीत चूक आहे. साल सांगता येत नसेल तर रझाकारी, पोलिस अॅक्शन, बहात्तरचा दुष्काळ, कोणाचे लग्न, कोणाचा जन्म, यांवरून काढावे. आमच्या मराठवाड्याची जंत्री अशीच आहे आणि ती बरीच बरोबर निघते. आणि हिशेब आणि खूण यांचा मेळ बसला नाही, तर खूण पुसण्याआधी ओढ्याने आणखी चारशे पावले चालावे.

या चारही वस्तू एकत्र आल्या म्हणजे नकाशावर दोन रेषा उमटतात. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग त्यांना निळी आणि लाल पूररेषा म्हणतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा पात्राच्या प्रस्थापित वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांतले जे मोठे, ते जिथवर पोचेल तिथे निळी रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्या मधली जागा निषिद्ध. तिथे शेत करा, बाग करा, पोरांना खेळू द्या, घर बांधू नका. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल तिथे लाल रेषा. निळी आणि लाल यांच्या मधली जागा निर्बंधित. तिथे बांधायचे तर जोते उंच हवे आणि बाहेर पडायला वाट हवी.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा होतो. लोक म्हणतात, परवाच तर पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निर्धास्त! नदी असे वायदे करत नाही. या शब्दांचा अर्थ एवढाच की, दर वर्षी शंभरातली एक वेळ. सोंगट्यांच्या फाशासारखे आहे, मागच्या डावात बारा पडले म्हणून या डावात पडणार नाहीत असे नाही. हिशेब केला तर लाल रेषेवरच्या घरात तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या दारी तो पूर येण्याची शक्यता शंभरात सव्वीस असते. निळ्या रेषेवरच्या घरात तीच शक्यता शंभरात सत्तर होते. तीस वर्षे म्हणजे काय? घराचे कर्ज फिटून मुलीचे लग्न होईपर्यंतचा काळ. शंभरात सत्तर ही शक्यता माहीत असताना पुलाजवळचा स्वस्त प्लॉट आपल्यापैकी कोण घेईल? माहीत नसते म्हणून घेतो. आणि विकणाऱ्याला बहुधा माहीत असते.

इथे आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. रेषा आली की जमिनीचा भाव पडतो. ज्याने घामाच्या पैशाने दोन गुंठे घेतले त्याच्या प्लॉटवरून एक दिवस कोणीतरी निळी रेघ ओढतो आणि म्हणतो, इथे बांधू नका. त्याला राग येणे स्वाभाविक आहे. मग शिष्टमंडळे निघतात, वजन खर्ची पडते, आणि रेषा थोडी नदीकडे सरकते. कागदावर सरकते, पाणी मात्र ज्याच्या त्याच्या जागीच येते. मी त्या गृहस्थांना एवढेच म्हणेन की, भाव नकाशाने पाडला नाही. ती जागा पहिल्यापासूनच नदीची होती, नकाशाने फक्त सातबारा दाखवला. आपल्याला फसवले ते ज्याने तो लपवला त्याने.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पात्राच्या अगदी कडेला कोण राहतो? ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही तो. नकाशा हाती आला की आधी त्याची झोपडी उठवायची आणि मोठ्यांच्या भरावाकडे कानाडोळा करायचा, असे झाले तर तो नकाशा धोक्याचा राहिला नाही, तो अन्यायाचा झाला. ज्याला उठवायचे त्याला आधी उंचावर जागा दाखवली पाहिजे. रेषा सर्वांना सारखी लागली तरच लोक ती मानतील. केंद्राने १९७५ सालीच पूरक्षेत्रांच्या विभागणीसाठी नमुना विधेयक करून राज्यांकडे पाठवले होते. त्यावरून कायदा करणारी राज्ये बोटांवर मोजण्याइतकी निघाली. कारण हेच, की रेषा ओढणे सोपे असते, ती सर्वांवर सारखी चालवणे अवघड असते.

आपण एके काळी ज्या संस्थानात होतो त्याच्या राजधानीची एक गोष्ट सांगतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादला मुसीचा महापूर आला. अंदाजे पंधरा हजार माणसे गेली. आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे, त्याच्या फांद्यांवर दीडशे माणसे तगली असे सांगतात. पुढच्या वर्षी निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. हेच विश्वेश्वरय्या त्याआधी आपल्या पुणे भागात काम करत होते आणि खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. त्यांनी शहरातली पडझड पाहिली, पण उत्तर शहरात शोधले नाही. ते वरच्या पाणलोटात गेले. तिथे सातशेंहून अधिक लहानमोठे तलाव होते, आणि त्यांतले दोनशेंवर त्या पुरात फुटले होते. एकेका तलावाने खालच्या तलावावर आपला भार टाकला होता. त्यांच्या सूचनेवरून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले.

ही गोष्ट मी दोन कारणांसाठी सांगितली. एक म्हणजे, त्यांना खुणा मोजता आल्या त्या हजारो माणसे गेल्यानंतर. आपल्याला त्या आधी मोजता येतील. आणि दुसरे, आपल्याही पाणलोटात दुष्काळी कामांतून झालेले पाझर तलाव आहेत. ते आपले अन्नदाते आहेत. पण ज्याची सांडवा-भिंत खचली आहे, ज्याच्या बंधाऱ्यावर झाडे माजली आहेत, असा तलाव नकाशात धोक्याची जागा म्हणून दाखवलाच पाहिजे. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले ते पुण्याला अजून आठवते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, आणि ते मुळीच मोठे धरण नव्हते.

तेव्हा या उन्हाळ्यात काय करायचे? मी मोठी योजना सांगत नाही. पाऊस पडायला अजून काही आठवडे आहेत. शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांनी एक वही घ्यावी, नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या घरांत जावे, आजी-आजोबांना विचारावे की पाणी कुठवर आले होते आणि कोणत्या साली. त्यांनी दाखवलेल्या जागी भिंतीवर, देवळाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने एक आडवी रेघ मारावी आणि साल लिहावे. वहीत घराची जागा, सांगणाऱ्याचे वय आणि जमिनीपासूनची उंची लिहावी. वहीच्या तीन प्रती कराव्यात. एक नगरपंचायतीला, एक तहसील कचेरीला द्यावी, आणि एक या वाचनालयात ठेवावी, कारण कचेऱ्यांची दप्तरे हलतात, वाचनालयाची कपाटे हलत नाहीत. उद्या जो मोजणीदार येईल त्याला पहिल्याच दिवशी ती वही मिळू द्या. मला ती मिळाली असती तर एका शेतकऱ्याची बैलजोडी वाचली असती. आणि नगरपंचायतीत जाऊन विचारा की, आपल्या गावच्या नकाशावर पूररेषा आहे काय? असेल तर ती चावडीवर लावा. नसेल तर मागा.

हे सारे केल्यावर कदाचित आपल्यापैकी कोणाच्या घरावरून ती रेघ जाईल. त्या दिवशी मोजणीदाराशी भांडू नका. त्याला पाणी द्या, सावलीत बसवा, आणि विचारा, “छेद कुठपर्यंत नेले होते?” हा प्रश्न त्याला फार उपयोगी पडेल. मला तो वेळेवर कोणी विचारला नाही.

नदीजवळ कचेरी नाही, वकील नाही, आणि ती अर्ज करत नाही. आपली हद्द ती वर्षानुवर्षांतून एकदा, एका रात्रीत स्वतःच मोजते आणि खुणा रोवून निघून जाते. त्या खुणा पुसल्या जाण्याआधी वाचून ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. ते आपण या कोरड्या दिवसांत करावे, एवढी विनंती करतो.